पौर्णिमेची ओहोटी

(दृश्य: दाराची चौकट. भाताच्या लोंब्यांना लटकलेली चिमणी.)

नवान्न पौर्णिमेला कोकणात दारावर 'नवं' बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल. शेतातलं धान्य घरात आलं, त्याची ही खूण. आणि दोन दिवसांत लोंब्या रिकाम्या! उंबऱ्यावर नुसता तूस. चिमण्यांना कुणी हाकलत नाही. नव्यात त्यांचाही वाटा.

मागे खळ्यात ठिपकेवाल्या मुनिया सांडलेले दाणे टिपताहेत. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलं, की बुलबुल येतो, दयाळ येतो. आणि हा बघा, शेपूट वरखाली हलवत अंगणभर चालणारा पांढरा धोबी. हा इथला नव्हे. उत्तरेकडून, डोंगर ओलांडून आलाय. याला दाण्यांशी कर्तव्य नाही, किडे हवेत.

आता चला आक्षीला.

(दृश्य: अलिबागजवळचा आक्षीचा किनारा. सुरूची झाडं, पहाट.)

पौर्णिमेला इथे भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि मध्यरात्री. म्हणजे सूर्य उगवताना पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची. पाणी दूरवर मागे गेलेलं. ज्या चंद्राच्या पौर्णिमेला दारावर नवं बांधलं, त्याच चंद्राने इथेही ताट मांडून ठेवलंय.

ते बारके, मातकट पक्षी दिसले? चिखल्या. धावतात, थबकतात, टिपतात, पुन्हा धावतात. डोळे मोठे, कारण यांची शिकार नजरेवर चालते. पलीकडचा कोरल मात्र लांब वाकडी चोच वाळूत खुपसतो. चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. आतला किडा न बघताच सापडतो. चिखल्यांतले काही तिबेटच्या पठारावरून आलेत. प्रौढ पक्षी ऑगस्टपासूनच येऊ लागतात, यंदाची पिल्लं मागाहून. आईबाप सोबत नसतात, वाट कुणी दाखवलेली नसते. कितीही वेळा वाचलं, तरी किनाऱ्यावर त्यातलं एखादं पिल्लू दिसलं की माझा श्वास अडकतो.

मुंबईहून मांडव्याला येताना बोटीमागे कुरव, म्हणजे सीगल, लागतात आणि लोक त्यांना गाठ्या फेकतात. प्रेमानेच. पण कुरवांचं खाणं मासळी. तळलेलं, खारट बेसन त्यांच्या पोटासाठी नाही. गाठ्या पिशवीतच राहू द्या. उडताना नुसतं बघा, तेही पुष्कळ आहे.

(दृश्य: दुपार. भरती. कोरड्या वाळूचा अरुंद पट्टा.)

आता पाणी चढलंय, खाण्याची जागा बुडालीय. ही चिखल्या-कोरलांची झोपेची वेळ. नेमकी याच वेळी गाड्या वाळूत उतरतात, कुत्री सुटतात, मुलं थव्याच्या अंगावर धावतात. थवा उडाला की व्हिडिओ छान येतो, पण त्या प्रत्येक भरारीत सकाळी टिपून जमवलेली चरबी जळते. आम्ही सुरूंच्या सावलीत बसून, लांबच्या लेन्सने हे टिपतोय. तुम्हीही इथूनच बघा. दुर्बीण असली तर उत्तम.

सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत. मधूनच एखादा डोळा उघडतो, मिटतो.

दोन वाजतात. वाळूवर बोटभर ओली रेघ उरते. एक चिखल्या पाय खाली टेकवतो, पंख ताणतो, आणि रेघेकडे धावत सुटतो.