अडतीस दिवसांची वाट

(कावळा नाका, पहाट. पुतळ्याभोवती फिरणारा कॅमेरा.)

पुण्याहून येणाऱ्याला कोल्हापुरात शिरताना ताराराणी भेटतात. मागच्या दोन पायांवर उभा घोडा, हातात तलवार. लहानपणापासून आम्ही याच ताराराणी बघत आलो. पण औरंगजेबाला सात वर्षं ज्यांनी इथल्या डोंगरांत झुंजवत ठेवलं, त्या ताराराणी बघायच्या तर पावसाळ्यात आंबा घाटाकडं जावं लागतं.

(पन्हाळा. तीन दरवाजा, धुकं.)

मार्च १७००. सिंहगडावर राजाराम महाराज गेले. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक तेव्हा पंचवीस वर्षांची, मुलगा शिवाजी चार वर्षांचा. संभाजी महाराजांचे पुत्र शाहूराजे बादशहाच्या छावणीत कैदेत. गादी रिकामी राहिली तर प्रत्येक किल्लेदार आपापलं बघणार. ताराराणींनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हाती घेतला. रामचंद्रपंत अमात्य, परशुराम त्रिंबक, धनाजी जाधव अशी मुरलेली माणसं या तरुण राणीच्या हुकमात वागू लागली.

त्याच सुमारास त्यांनी बादशहाशी बोलणंही लावलं होतं. मुलाला मनसब आणि दख्खनची देशमुखी द्या, काही किल्ले सोडतो. पोवाड्यात हे येत नाही, पण आम्हाला ते महत्त्वाचं वाटतं. घरात दुखवटा, राजधानी साताऱ्याला वेढा, अशा वेळी वेळ मिळवण्याची एकही वाट त्यांनी बंद केली नाही. बादशहानं नकार दिला.

(अंबारखाना. आतला अंधार, वरून येणारा उजेड.)

मग गड जाऊ लागले. एप्रिल १७०० मध्ये साताऱ्याचा अजिंक्यतारा. मे १७०१ मध्ये हा पन्हाळा. १७०३ मध्ये सिंहगड, पुढच्या वर्षी राजगड आणि तोरणा. नुसती यादी वाचली तर हार वाटते. पण यातला तोरणा तेवढा मोगलांनी खरा लढून घेतला. बाकीच्या गडांवर महिनोन्‌महिने वेढा चालायचा. धान्य-दारूगोळा सरत आला, आभाळ भरून आलं, की किल्लेदार बोलणं लावायचा. पैसे घ्यायचा, माणसं सुखरूप उतरवायचा आणि किल्ल्या द्यायचा. बादशहाचा तंबू पुढच्या गडाखाली हलला की मागचा गड परत घ्यायची खटपट सुरू. खजिना बादशहाचा रिता होत होता, शिबंदी मराठ्यांची शाबूत राहत होती.

(आंबा घाट, जुलै. ढग रस्त्यावर उतरलेले.)

विशाळगडाचा वेढा बघा. डिसेंबर १७०१ मध्ये बादशहाचं लष्कर या घाटात आलं. तोफा चढवायला आधी रस्ता करावा लागला. झाडं तोडली, दगड फोडले. म्हातारा बादशहा स्वतः छावणीत होता. परशुराम त्रिंबकांनी जूनपर्यंत गड लढवला आणि दोन लाख रुपये घेऊन सोडला. तारीख बघा, जून. मृगाचा पाऊस सुरू झालेला.

गड मिळाला, पण पन्हाळ्याकडं परतायचं कसं? अंतर सुमारे तीस मैल. शिवाजी महाराज १६६० च्या आषाढात याच डोंगरपट्ट्यातून पन्हाळ्याहून विशाळगडला एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात पोचले होते. बादशहाच्या लष्कराला अडतीस दिवस लागले.

(ओढा. लाल पाणी. पुलावरून जाणारी एसटी.)

ओढे फुगले. हत्ती, उंट, बैल चिखलात रुतले. ओझी वाटेत टाकावी लागली. धान्य मिळेना.

(इथं निवेदन नाही. फक्त पाऊस. वीस सेकंद.)

या वाटेनं आम्ही दोन दिवस चाललो. पावनखिंडीकडं जाणारी पोरं भेटली, रेनकोट घातलेली, गुडघ्यापर्यंत चिखलात. तोफांचे गाडे इथून कसे नेले असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

(नकाशा.)

बादशहा सह्याद्रीत गुंतला असताना मराठी फौजा त्याच्या मुलखात शिरल्या. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यात, १७०६ मध्ये धनाजी जाधव गुजरातेत रतनपूरला. आपले गड धरून बसायचं नाही, त्याचे सुभे पेटवायचे, हा ताराराणींचा सर्वांत मोठा निर्णय. राज्याचा कारभार आणि फौज दोन्हींतली त्यांची जाण खाफीखानालाही मान्य करावी लागली, आणि तो मोगलांच्या बाजूचा लेखक.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला. शाहूराजे सुटून आले, खेडच्या लढाईत धनाजी जाधव त्यांच्याकडं गेले, सातारा हातचा गेला, पन्हाळ्यावर वेगळी गादी झाली, १७१४ मध्ये त्यांच्या सवत राजसबाईंच्या पक्षानं ताराराणींना मुलासह कैदेत टाकलं.

(पन्हाळा, ताराराणींचा वाडा. ओली भिंत, लाकडी खांब.)

हा वाडा त्यांनी १७०८ च्या सुमारास बांधला. पुढं इथं शाळा भरू लागली. बाहेर धुकं आहे, दहा पावलांवरचं दिसत नाही. पश्चिमेला, या धुक्यापलीकडं, विशाळगड.

(धुकं. हळूहळू तटाची कड दिसू लागते.)