भट्टीआधीची शेड

(बेळगावातल्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढं 'उद्योजिका' छापलंय. ते वाचून घरात हशा पिकला. मी 26 वर्षं आमच्या कारखान्याच्या खरेदीच्या वह्या सांभाळते, एवढंच. लग्न होऊन आले त्याच महिन्यात मामंजींनी वही हातात ठेवली. म्हणाले, 'तुझं बी. कॉम. गंजायला नको.' त्यामुळं आज जे सांगेन ते वहीतून दिसतं तेवढं. भट्टीपुढं उभं राहून शिकलेली माणसं मागच्या रांगेत बसली आहेत, आमचे हे आणि भाऊजी. माझं चुकलं की ते खोकतील.

आम्ही अ‍ॅल्युमिनियमचं अलॉय, म्हणजे मिश्रधातू, करतो. भंगार घ्यायचं, वितळवायचं, गिऱ्हाइकाला हवं तसं सिलिकॉन आणि तांबं बसवायचं आणि इनगॉट, म्हणजे धातूच्या विटा, पाडायचे. ते इनगॉट घेऊन डाय-कास्टिंगवाले, म्हणजे पातळ धातू साच्यात दाबून भाग पाडणारे, मोटरसायकलचे भाग, पंपाची बॉडी असं काय काय ओततात. बेळगावात फाउंड्री म्हटलं की लोकांना बीडच, म्हणजे ओतीव लोखंडच, आठवतं, आणि ते खोटं नाही. उद्यमबाग घ्या, मच्छे घ्या, जिकडं जाल तिकडं काळी वाळू. त्या काळ्या गल्लीत आम्ही पांढऱ्या धातूवाले, जरा उपरेच.

मामंजींनी उद्यमबागेत एका भाड्याच्या शेडमध्ये एक मूस आणि एक ऑइल फायर्ड भट्टी घेऊन सुरुवात केली. आता तिथं पाय ठेवायला जागा नाही. भंगार रस्त्यावर येतं, ट्रक वळत नाही, शेजारी रोज बोलतात. म्हणून नवा प्लँट घालायचं ठरलं. ठरलं म्हणजे तीन वर्षं त्यावर रोज रात्री जेवताना वाद झाला. यांचं म्हणणं इकडं कर्नाटकातच, होनग्याला घालू. भाऊजींचं म्हणणं शिनोळीला. इथं बसलेल्यांना शिनोळी सांगायला नको, वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं हद्द ओलांडली की महाराष्ट्र आणि लगेच वसाहत. दोन राज्यांचे कागद, दोन राज्यांचे वीजदर, दोन्हीकडची माणसं भेटून झाली. त्यात भावनेचा भाग किती आणि हिशेबाचा किती हे मला आजही सांगता येणार नाही. तो वाद कशानं मिटला ते शेवटी सांगते.

भाऊजींनी कागदावर नकाशा काढायला घेतला तेव्हा पहिला चौकोन काढला तो भट्टीचा. नवी रोटरी भट्टी, तिच्यापुढं इनगॉटची लाइन, बाजूला लॅब, धातूत काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोमीटर, त्याला एसी खोली. भंगाराला काय? तर कंपाउंडच्या कडेला एक उघडी जागा, 'यार्ड' असं लिहून. मी म्हटलं, हे उलटं झालं. आणि तिथून आमच्या घरात जो विषय सुरू झाला तोच आज तुमच्यापुढं मांडायला आले आहे.

त्यासाठी थोडी शाळा घ्यावी लागेल. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं. आमच्या भट्टीत तापमान 750 च्या आसपास असतं. सिलिकॉनला वितळायला 1414 अंश लागतात. मग ते आत जातं कसं? साखर चहात वितळत नाही, विरघळते. तसंच. मला हे समजलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण त्याच वाटेनं लोखंडही आत जातं. भंगारात एखादा बोल्ट राहिला, पिस्टनमधली लोखंडी रिंग राहिली, तर ती लगेच नाही पण हळूहळू विरघळते. आणि एकदा विरघळली की बाहेर काढायचा परवडेल असा रस्ता आमच्यासारख्याकडं नाही. मॅग्नेशियम वाढलं तर जाळून उतरवता येतं, गॅस धरला तर नायट्रोजन सोडून काढता येतो. लोखंड बसलं ते बसलं.

मग करायचं काय? पातळ करायचं. आमटी खारट झाली की आपण पाणी घालतो ना, तसं शुद्ध अ‍ॅल्युमिनियम घालायचं. आम्ही सगळ्यात जास्त करतो ते एडीसी-12 नावाचं अलॉय, त्यात लोखंड 1.3 टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे टनाला 13 किलो. समजा एका हीटमध्ये, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मालात, ते टनाला 18 किलो निघालं आणि तुम्हाला सावधपणे 12 वर आणायचंय. किती शुद्ध माल घालावा लागेल? टनामागं निदान 500 किलो. सहा किलो लोखंडासाठी! आणि तेवढं घातलं की सिलिकॉन आणि तांबंही पातळ होतं, ते पुन्हा वरून घाला. शुद्ध माल महाग का, तर अ‍ॅल्युमिनापासून (बॉक्साइटमधून काढलेल्या पांढऱ्या पुडीपासून) एक टन धातू करायला सुमारे 14,000 युनिट वीज लागते, आणि आम्हाला भंगार वितळवायला त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. आमचा सगळा धंदा ह्या फरकावर उभा आहे. शुद्ध माल ओतला की तो फरक भट्टीत गेला.

आता वहीकडं येते. शुद्ध मालाची खरेदी आमच्याकडं वर्षभर थोडी थोडी असते, पण काही आठवड्यांत ती एकदम उडी मारायची. बहुतेक जुलैमध्ये, मग दिवाळीनंतर पुन्हा. मी यांना विचारलं. म्हणाले, पावसाळा आहे, माल ओला असतो. मी गप्प बसले. पण ओला माल म्हणजे हायड्रोजन, म्हणजे कास्टिंगला, ओतलेल्या भागाला, बारीक भोकं, एवढं ऐकून ऐकून मलाही कळत होतं. ओलाव्यानं लोखंड कसं वाढेल? आणि दिवाळीनंतर कुठला पाऊस? एक दिवस खरेदीची वही आणि हजेरीचं मस्टर शेजारी ठेवून बसले. उडी मारलेल्या आठवड्यांत एक नाव गैरहजर होतं. कडोलीच्या मावशी. जुलैत भाताची लावणी, दिवाळीनंतर मळणी.

मावशी भंगार निवडायला बसतात. आमच्याकडं पाच बायका हे काम करतात, आणि आमच्या पगारपत्रकात त्यांच्यापुढं लिहिलेलं असायचं 'हेल्पर'. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्याशेजारी बसले. समोर पोत्यातून ओतलेला ढीग: खिडक्यांचे सेक्शन, भांडी, कार्बोरेटर, फुटकी इंजिनं, पिस्टन. मावशी दोन्ही हातांत एक एक तुकडा उचलतात आणि बघायच्या आधीच टाकतात. एक तुकडा मला दिसायला अगदी अ‍ॅल्युमिनियमसारखा. त्यांनी तो जस्ताच्या टोपलीत टाकला. मी विचारलं, कसं ओळखलं? म्हणाल्या, 'हाताला जड लागलं की ओ.' अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.7, जस्ताची 7.1. हे मी पुस्तकात नंतर वाचलं.

लोखंडासाठी आमच्याकडं लोहचुंबक आहे. पण स्टेनलेसचे स्क्रू बहुतेक चुंबकाला चिकटत नाहीत, ते पट्ट्यावरून सरळ पुढं जातात. मावशी ते वेचतात. कुठल्या भागात कुठं स्क्रू असतो हे त्यांना पाठ आहे. कार्बोरेटर हातात आला की बोट आपोआप एका भोकात जातं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं मागं आमचा माल परत पाठवला होता. कास्टिंगमध्ये कडक कण येतात, टूल मोडतात, अशी तक्रार. आम्ही चार दिवस भट्टीवाल्यांना शिव्या घातल्या. ती हीट कुठल्या आठवड्यातली होती, हे तुम्ही ओळखलंच असेल.

किर्लोस्करांचं नाव घेतल्याशिवाय बेळगावात कारखान्यावर बोलता येत नाही, म्हणून घेते. लक्ष्मणरावांनी 1888 मध्ये ह्याच गावात सायकलचं दुकान काढलं, इथंच लोखंडी नांगर केला, आणि इथली जागा सोडावी लागली म्हणून 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर गेले. त्यांचा नांगर शेतकरी घेईनात, का तर लोखंडानं जमिनीला विष बाधतं. आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. मला मात्र त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते. जमिनीबाबत ते चुकले, पण आमच्या धातूबाबत त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. (हशा)

तर मी म्हटलं, नव्या प्लँटचा पहिला चौकोन निवडायच्या शेडचा काढा. पक्क्या छपराची, फरशीची, चारी बाजूंनी बंद. बेळगावचा पाऊस वरून कमी आणि बाजूनं जास्त येतो, नुसत्या पत्र्यानं भागत नाही. आणि ओलं भंगार म्हणजे फक्त भोकं नव्हेत. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू वर उडतो. बंद डबे, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे तुकडे हे त्याहून वाईट, त्यांच्या पोटात काय आहे दिसत नाही. मामंजींच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत डाग होते. लहानपणी यांना ते गोंदण वाटायचे.

बँकेत गेलो तर निराळीच गंमत. भट्टीला कर्ज मिळतं, स्पेक्ट्रोमीटरला मिळतं, कारण त्यांचं कोटेशन असतं. निवडायच्या टेबलांचं कोटेशन कुठून आणू? सुताराचं आणलं. साहेब म्हणाले, हे फर्निचरमध्ये येतं.

माझा पुतण्या मेटलर्जी शिकून आलाय. त्यानं हातातली एक्स-रे गन आणवली. तुकड्याला लावली की काही सेकंदांत त्यातले धातू आकड्यांत दिसतात. मला वाटलं, आता मावशींशी हिची कुस्ती लागणार. झालं वेगळंच. रंग किंवा ऑइल लागलेल्या तुकड्यावर गन फसते, सिलिकॉनसारख्या हलक्या मूलद्रव्यांना वेळ लावते, आणि हजार तुकड्यांना हजार वेळा लावत कोण बसणार? आता मावशी पटापट निवडतात आणि ज्याचा संशय येतो तेवढाच तुकडा पुतण्याकडं सरकवतात. तो घासून, गन लावून सांगतो. दोन महिन्यांनी संशयाची टोपली निम्मी झाली. उत्तरं त्यांच्या लक्षात राहतात. पगारपत्रकात आता 'सॉर्टर' असं लिहितो, आणि त्याप्रमाणं पगारही. हे व्हायला 26 वर्षं लागली, यात वही लिहिणारी म्हणून माझाही दोष आहे.

(प्रश्न: जागेचा वाद कसा मिटला?)

हो, ते राहिलंच. मी पाचही जणींना विचारलं, नवा प्लँट झाला तर याल का? कडोलीहून होनगा जवळ. शिनोळीला जायचं तर बेळगावात उतरून दुसरी बस, संध्याकाळी परत तसंच. मावशी म्हणाल्या, शिनोळीला नाही जमायचं बाई, म्हशी आहेत. भाऊजींनी कागद गुंडाळला. होनग्याला पाया भरून झालाय.

मावशी परवा बघायला आल्या होत्या. शेडमध्ये उभ्या राहिल्या, वर बघितलं, म्हणाल्या खिडक्या ह्या बाजूला नकोत, सकाळचं ऊन थेट मालावर पडेल, सगळंच चमकेल, मग काय निवडायचं? उत्तरेला करा. गवंड्यानं एक भिंत फोडायला घेतलीय. भाऊजी, तुम्ही खोकलात का?