डाव्या आरशाचे बोल्ट

(दृश्य: निगडी, ट्रान्सपोर्टनगरी. सकाळ. ओळीनं उभ्या गाड्या.)

टाटांनी 407 ही छोटी मालगाडी बाजारात आणली 1986 साली. तिच्या पिढीतल्या कितीतरी गाड्या आता जुन्या झाल्या, पण धंदा सोडला नाही. ही त्यांतलीच एक. कोकणातून मासळी भरायची, रातोरात घाट चढून पुणं गाठायचं. इंजिन ठणठणीत आहे. ड्रायव्हरची तक्रार एकच: "मिस्त्री, डावा आरसा थरथरतो. मागचा दुचाकीवाला दिसतच नाही."

मिस्त्री काचेला हात लावत नाहीत. ब्रॅकेटच्या बुडाशी बोट फिरवतात. बोटाला तांबूस भुकटी लागते.

वरून पाऊस आणि खारी हवा, खालून बर्फाचं खारट पाणी. ब्रॅकेट आणि केबिनचा पत्रा यांच्या फटीत शिरलेली ओल लवकर वाळत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो रंग फोडतो, पत्रा फुगवतो आणि नटाचे आटे जागीच आवळून धरतो. म्हणून बाहेरून बोल्ट शाबूत दिसतो, आणि पाना लावला की माथा तुटून हातात येतो.

(दृश्य: तारेचा ब्रश, जवळून.)

इथे घाई करणारा माणूस पत्रा फाडतो. आटे ब्रशनं साफ करून त्यांवर गंज सुटवणारं तेल कालच सोडलंय. आज माथ्यावर हलके ठोके. मग सहा कोनी सॉकेट. बारा कोनी पाना गंजलेल्या माथ्याचे कोपरे खातो. आधी बोल्ट जरासा आवळायचा, मगच सोडायचा. कुरकुरला की थांबायचं, पुन्हा तेल. दोन बोल्ट असे निघाले. तिसऱ्यासाठी अस्तर आणि वायर बाजूला करून नट तापवावा लागला: नट फुगतो, पकड सुटते. चौथा कशालाच बधला नाही. त्याला ग्राइंडर.

ड्रायव्हरनं रविवार पेठेतून चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट आणलेत. हौस समजण्यासारखी आहे. पण तुटेपर्यंत किती ताण सोसतो ते पाहिलं, तर बाजारात सर्रास मिळणारा ए2-70 शिक्क्याचा स्टेनलेस 700 मेगापास्कलचा, आणि 8.8 शिक्क्याचा हाय टेन्साइल बोल्ट 800चा. शिवाय ओल असली की स्टेनलेसला चिकटलेलं साधं लोखंड जास्त झिजतं. मिस्त्री जस्ताचा मुलामा दिलेला 8.8 निवडतात. जस्त आधी स्वतः झिजतं, तोवर लोखंड वाचतं. जुन्या गाडीला हेच योग्य, असं आम्हालाही वाटतं.

नव्या बोल्टपेक्षा जास्त वेळ जातो भोकांवर. पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासाई, झिंक प्रायमर, रंग, तो पूर्ण वाळू द्यायचा. मग रबराची पट्टी, आतून मोठा चपटा वायसर म्हणजे जोर पातळ पत्र्यावर पसरतो, आणि नायलॉक नट, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज न सुटणारा. हे टप्पे गाळले तर पुढच्या पावसाळ्यात गाडी पुन्हा इथेच.

(दृश्य: ड्रायव्हर सीटवर बसून आरसा जुळवतो. इंजिन चालू.)

काच स्थिर आहे. रबर बसलं की बोल्ट थोडे ढिले पडतात, म्हणून दोन-चार फेऱ्यांनंतर पाना पुन्हा लावायचा, हे मिस्त्री ड्रायव्हरला दोनदा बजावतात.

मग ते गाडीखाली वाकतात. डिझेल टाकीचे पट्टेही तसेच लाल झालेत. तिथे ना आच चालणार, ना ग्राइंडरची ठिणगी. आधी टाकी रिकामी करून खाली जॅक लावायचा, आणि मग फक्त तेल, पाना आणि वेळ.