डबीतले किडे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात स्किनची डॉक्टर आहे, आणि आजचा विषय जरा नाजूक आहे, अंगावर किडे नसताना ते आहेतच असं पक्कं वाटण्याचा आजार, पण घरात कुणाला झाला तर कळायला हवा म्हणून घेतलाय.

एकदा कोथरूडच्या एक काकू आल्या, पर्समधून होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली, म्हणाल्या, डॉक्टर, पकडून आणलेत. हातांवर, मांड्यांवर नखांचे ओरखडे, खपल्या, पण पाठीत मधोमध, जिथे हात पोचत नाही तिथे कातडी एकदम स्वच्छ. घरी दोनदा पेस्ट कंट्रोल झालेलं आणि आंघोळीच्या पाण्यात फिनेल, त्याने कातडी भाजलेली ती वेगळीच. बाटलीतलं मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर चादरीचे धागे आणि खपलीचे तुकडे.

असे पुरावे घेऊन येणारे पेशंट जगभर आहेत, त्याला ‘मॅचबॉक्स साइन’, म्हणजे काडेपेटीची खूण, असं नावच आहे. स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी १९३८ साली या आजाराबद्दल लिहिलं, म्हणून एकबोम सिंड्रोमही म्हणतात.

पण लगेच वेडाचा शिक्का मारायचा नाही हां! आधी खरूज, उवा, ढेकूण नाहीत ना हे नीट तपासायचं, मग बी १२, थायरॉइड, शुगर, किडनी, लिव्हर, चालू असलेली औषधं (पार्किन्सन्सच्या काही गोळ्यांनीही असं होतं), दारू किंवा दुसरी नशा, सगळं विचारायचं. बी १२ तर आपल्याकडे शाकाहारी घरांत कितीदा तरी कमी निघतं.

घरच्यांनो, कळकळीने सांगते, "भास होतायत तुला, गप्प बस" म्हणू नका, आणि समजूत काढायला "हो, मलाही दिसला" असंही म्हणू नका, त्याने समज अजून घट्ट होतो. खाज खरी आहे, झोप उडालीये तीही खरी आहे, तेवढं मान्य करा आणि सोबत दवाखान्यात या. सायकॅट्रिस्टकडे जायला पेशंट बहुतेक वेळा तयार नसतो, म्हणून आम्ही दोघं मिळून बघतो. रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापीनसारखी गोळी, कमी डोसपासून. ती मेंदूच्या आजारांवरची आहे हे मी लपवत नाही, पेशंटला नंतर कळलं तर विश्वास जातो. वजन, शुगर बघत राहावं लागतं, फरक दिसायला काही आठवडे जातात, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही.

काकू दीड महिन्याने आल्या तेव्हा किडे गेले असं नाही म्हणाल्या, रात्री सलग झोप लागते म्हणाल्या. बाटली आणली नव्हती, मीही विचारलं नाही.

घरी असं कुणी असेल आणि कुठून सुरुवात करायची सुचत नसेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.