सरपंच थेट, की सदस्यांतून?

श्रोतेहो, नमस्कार.

गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गाला शिकवायला जातो. विषय नागरिकशास्त्र. करवीर, पन्हाळा, शिरोळ, गडहिंग्लजहून शिक्षक येतात, पण राज्यशास्त्र घेऊन पदवी केलेले त्यात थोडेच. पुस्तकात हा भाग इतिहासाच्या मागं जोडलेला, म्हणून परीक्षा तोंडावर आली की तो उरकायचा. फळ्यावर दोन रकाने आखायचे, इंग्लंडची संसदीय पद्धत आणि अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत. मुलं पाठ करतात, लिहितात आणि विसरतात. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं.

मग एकदा शिरोळकडच्या एका मुलानं वर्गात विचारलं, "सर, आमच्यात सरपंच एका पॅनेलचा आन् बॉडी दुसऱ्या पॅनेलची. कुठला ठरावच होईना. असं कसं चालायचं?"

पोरानं नेमकं अमेरिकेचं दुखणं विचारलं होतं. अध्यक्ष लोकांनी वेगळा निवडायचा, कायदेमंडळ वेगळं निवडायचं; दोघांचं पटलं नाही, तर कुणी कुणाला सहज हलवू शकत नाही. 2013 च्या ऑक्टोबरात ओबामा डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष होते आणि प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांचं बहुमत होतं. खर्चाची मंजुरी अडली आणि तिथलं सरकारी कामकाज 16 दिवस बऱ्याच अंशी ठप्प झालं.

इंग्लंडच्या पद्धतीत मात्र सरकारचा प्रमुख सभागृहातल्या सदस्यांच्या बहुमतावर ठरतो. आपल्या महाराष्ट्रानं तर ही दोन्ही तत्त्वं गावात वापरून पाहिली आहेत. 2017 साली लोकांनी थेट निवडलेला सरपंच आला, 2020 साली पुन्हा सदस्यांतून निवड सुरू झाली, 2022 साली परत थेट. कोल्हापूरचा महापौर नगरसेवक निवडतात. शेजारच्या इचलकरंजीत नगरपरिषद असताना, 2016 साली, लोकांनी नगराध्यक्ष थेट निवडला. 2022 साली तिथं महानगरपालिका झाली आणि तो अधिकार नगरसेवकांकडं गेला. तीसेक किलोमीटरच्या आत एवढा धडा पडलेला असताना आपण मुलांना थेट लंडनला का नेतो, हे मला खरंच कळत नाही.

मी परदेश वगळा म्हणत नाही. घरचा प्रश्न कळला की परदेशाची खरी गोडी लागते. सदस्यांतून निवड म्हटली की अविश्वास ठराव आलाच, सहलीवर नेलेले सदस्यही आले. जर्मनीनं 1949 च्या राज्यघटनेत यावर एक तोड काढली: चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुखाला, पाडायचं असेल, तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडून दाखवा. 1982 साली श्मिट जाऊन कोल आले ते असेच. हे सांगितल्यावर तोच मुलगा म्हणाला, "मग आपल्यात असा नियम कुणी करायचा?" त्या दिवशी विधानसभेचा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

प्रशिक्षणात आम्ही शिक्षकांचे दोन गट करतो. एक थेट निवडीची बाजू मांडतो, दुसरा सदस्यांतून निवडीची. चहा झाला की बाजू बदलायच्या. आपल्याला न पटणारी बाजू तितक्याच जोरानं मांडता येते का, ते इथं कळतं. बरेचजण अडखळतात. सगळ्यांना भीती एकच, गावचं राजकारण वर्गात आलं तर पालक भांडायला येतील. भीती खोटी नाही. म्हणून आमचा दंडक असा की वर्गात पॅनेलचं किंवा माणसाचं नाव घ्यायचं नाही. तपासायचा तो फक्त नियम.

स्वित्झर्लंडच्या ग्लारूस प्रांतात दरवर्षी मे महिन्यात मतदार उघड्या चौकात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. 2007 साली त्याच सभेनं मतदानाचं वय 16 वर आणलं. हे ऐकून दहावीचा वर्ग ताठ बसतो. पण त्यातल्या कितीजणांनी स्वतःच्या गावची ग्रामसभा पाहिलेली असते?

म्हणून आज ऐकत असलेल्या सरपंचांना आणि ग्रामसेवकांना माझी विनंती आहे. ग्रामसभेच्या नोटिसीची एक प्रत शाळेच्या फलकावर लावा. नववी-दहावीच्या मुलामुलींना मागच्या सतरंजीवर बसून ऐकू द्या. आणि शिक्षकांनो, दुसऱ्या दिवशीचा पहिला तास त्यांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवा.

नमस्कार.