दिल्ली दरवाज्यातली अर्ध्या प्लेटची फट

(पुण्यात झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, माझ्याकडे यंत्र-आरेखन शिकायला येणाऱ्या एका मुलाने मागच्या पावसाळ्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे मॉडेल संगणकावर, लेगोच्या आभासी ठोकळ्यांतून, उभे करायला घेतले. वाड्याची आतली लाकडी इमारत १८२८च्या आगीत गेली; तटबंदी, बुरूज आणि हा दरवाजा मात्र आपण आजही रोज जाता-येता पाहतो. दरवाज्याच्या प्रत्येक कवाडावर नऊ आणि आठ अशा मांडणीत ७२ अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून ते ठोकलेले आहेत. त्या मुलाला या खिळ्यांचे फार आकर्षण होते, आणि ते योग्यच होते, कारण लेगोचा स्टड, म्हणजे ठोकळ्यावरचा तो गोल उंचवटा, एकेका खिळ्यासाठी जणू तयार जागाच देतो. आठ स्टड रुंद आणि नऊ स्टड उंच असे एक कवाड आडवे तयार करायचे, प्रत्येक स्टडवर एक छोटा शंकू बसवायचा आणि ते कवाड उभे करून भिंतीत लावायचे, असा त्याचा बेत होता.

कवाड उत्तम झाले, पण भिंतीत ते बसेना. कमानीखाली आडवी, काळी, केसाएवढी फट दिसू लागली. त्याने कवाड माउसने थोडे वर सरकवले, तेव्हा फट खाली गेली. शेवटी त्याने ती वर थोडी आणि खाली थोडी अशी वाटून टाकली आणि मला म्हणाला, "सर, आता लांबून काहीच दिसत नाही." मी त्याला कवाडाच्या मागच्या बाजूने बघायला सांगितले. भिंतीतून बाहेर आलेले स्टड आणि कवाडाची भोके एकमेकांना चुकवून उभी होती. कवाड कशालाच धरलेले नव्हते, ते हवेत तरंगत होते. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांत ते त्याच क्षणी खाली पडले असते. संगणकात गुरुत्वाकर्षण नाही, म्हणून चूक पडद्यावर उभी राहिली आणि माझ्यापर्यंत पोहोचली.

जुळणीचे बहुतेक प्रश्न असेच असतात. ते डोळ्यांना फटीसारखे दिसतात, पण मुळात ते आकड्यांचे असतात, आणि आकड्यांचा प्रश्न माउसने सुटत नाही. एवढे एकच मला आज सांगायचे आहे. बाकी सगळा त्याचा तपशील आहे.

आधी ते आकडे पाहू. १९९५ साली जेम्स जेसिमन यांनी संगणकावर लेगोचे ठोकळे मांडण्याची एलड्रॉ नावाची पद्धत तयार केली. १९९७ साली ते गेले, पण त्यांनी ठरवलेले मोजमाप आजही चालते. त्यात एक सूक्ष्म एकक आहे, प्रत्यक्षात साधारण ०.४ मिलिमीटरचे. शेजारच्या दोन स्टडांच्या केंद्रांतले अंतर २० एकके, म्हणजे ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची २४ एकके, म्हणजे ९.६ मिलिमीटर. पातळ ठोकळा, ज्याला सगळे प्लेट म्हणतात, त्याची उंची ८ एकके. तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. स्टडचा व्यास १२ एकके आणि उंची ४. अशी मॉडेल रचण्यासाठी आपण लिओकॅड, एलडीकॅड किंवा ब्रिकलिंकचे स्टुडिओ, कोणताही प्रोग्रॅम वापरा, बटणे निराळी असतील, पण ठोकळ्यांचे एकमेकांशी असलेले हे प्रमाण कुठेही बदलत नाही. हे चार-पाच आकडे पाढ्यांसारखे पाठ असावेत, असा माझा आग्रह असतो.

आता अडचण कुठे आहे ते लगेच दिसेल. आडवे मोजताना आपण २०च्या पाढ्यात चालतो, आणि उभे मोजताना ८च्या किंवा २४च्या. सगळे स्टड वरच्या दिशेला आहेत तोवर हे दोन पाढे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पण आडवा रचलेला एखादा भाग उभा करून भिंतीत लावला, की त्याचा २०चा पाढा उभा होतो आणि भिंतीच्या ८च्या पाढ्याशी त्याची गाठ पडते. अशी गाठ पडली की काय करायचे, हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत: लसावि काढायचा. २० आणि ८ यांचा लसावि ४०. म्हणजे दोन स्टडांची लांबी बरोबर पाच प्लेटांच्या उंचीएवढी. २० आणि २४ यांचा लसावि १२०. म्हणजे सहा स्टड बरोबर पाच ठोकळे. शाळेत ज्याचा उपयोग काय असे आपण विचारायचो, तो लसावि इथे ओळंब्याचे काम करतो.

त्या कवाडाचा हिशोब आता मांडू. नऊ स्टड म्हणजे १८० एकके. १८०ला ८ने भागले तर साडेबावीस येतात, आणि अर्धी प्लेट रचता येत नाही. त्या मुलाने भिंतीत सात ठोकळे आणि दोन प्लेट एवढी, म्हणजे १८४ एककांची मोकळी जागा ठेवली होती. उरलेली चार एकके, प्रत्यक्षातले १.६ मिलिमीटर, हीच ती केसाएवढी फट. त्याने ती दोन वर आणि दोन खाली अशी वाटली होती. एक प्लेट कमी केली असती तर जागा १७६ झाली असती आणि कवाड भिंतीत चार एकके घुसले असते. नऊ ही विषम संख्या आहे, तोवर फट किंवा घुसखोरी यांपैकी एक अटळ आहे. कितीही सरकवले तरी ती जाणार नाही. खिळ्यांच्या नऊ ओळी तर हव्याच होत्या, त्यावर तडजोड करायला तो तयार नव्हता आणि मीही नव्हतो. म्हणून आम्ही उंबरठ्यालगत एक ओळ सपाट, बिनखिळ्यांची ठेवली. कवाड दहा स्टडांचे झाले, म्हणजे २०० एककांचे, आणि २०० म्हणजे बरोबर पंचवीस प्लेट.

उंची जमली, पण कवाड धरून ठेवणाऱ्या बाजूच्या स्टडांचे काय? एका बाजूवर स्टड असलेला जो छोटा ठोकळा मिळतो, त्यात त्या बाजूच्या स्टडचे केंद्र ठोकळ्याच्या माथ्यापासून १० एकके खाली असते. त्या मुलाने असे ठोकळे थेट एकावर एक रचले होते, त्यामुळे स्टडांमधले अंतर २४ पडले, आणि कवाडाच्या भोकांना तर २० किंवा ४० हवे. दोन ठोकळ्यांच्या मध्ये दोन प्लेट घातल्या की २४ अधिक १६ बरोबर ४० होतात आणि प्रत्येक दुसरे भोक नेमके समोर येते. ठोकळा आणि त्याखाली दोन प्लेट, अशी ही जोडणी पाच वेळा रचली की २०० एकके पुरी होतात. सर्वांत वरच्या ठोकळ्याचा माथा आणि कवाडाची वरची कड एका रेषेत येतात, खालची कडही आपोआप जुळते. हे मी फळ्यावर काढून दाखवले, तेव्हा तो मुलगा बराच वेळ नुसता बघत राहिला. लेगोच्या टेक्निक या प्रकारातल्या, बाजूला भोके असलेल्या ठोकळ्यांतही भोकाचे केंद्र माथ्यापासून तेवढेच खाली असते, त्यामुळे तिथेही मधल्या दोन प्लेटांची हीच युक्ती चालते.

आडव्या दिशेतही एक चूक वारंवार होते. एलड्रॉत ठोकळ्याची जागा बहुधा त्याच्या माथ्याच्या मध्यबिंदूने सांगितली जाते. एक किंवा तीन स्टड रुंद ठोकळ्याचा मध्य स्टडवर पडतो, तर दोन किंवा चार रुंद ठोकळ्याचा मध्य दोन स्टडांच्या मधल्या रेषेवर. त्यामुळे दोन्ही ठोकळ्यांना शून्य हाच आकडा दिला की त्यांचे स्टड अर्ध्या स्टडने, म्हणजे १० एककांनी, एकमेकांना चुकवतात. जाळीचे पाऊल, म्हणजे ठोकळा एका वेळी जेवढा सरकतो ते अंतर, २० ठेवले असेल तर हा फरक कधीच भरून निघत नाही. पाऊल १०वर आणले की निघतो. कमानीचा मध्य आधी ठरवा आणि सगळे त्याच्या सम किंवा विषम स्वभावाप्रमाणे रचा.

आता बुरुजांकडे वळतो, कारण तिथे काम खरोखर कठीण आहे. बुरुजाच्या तिरप्या बाजूंसाठी बिजागरीचे ठोकळे वापरतात. बिजागरी कोणत्याही कोनात फिरते, आणि म्हणूनच ती फसवते. तिरप्या भिंतीचे दुसरे टोक पुन्हा स्टडच्या जाळीवर बसायला हवे असेल, तर काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक लागतात. ३, ४, ५. ५, १२, १३. ८, १५, १७. या जोड्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या मापांसाठी दिलेल्या आहेत. तिथेही प्रश्न विटा रचण्याचाच होता, हे मला फार जवळचे वाटते. मात्र हे आकडे स्टडांची संख्या सांगत नाहीत, स्टडांमधली अंतरे सांगतात. कुंपणाला पाच गाळे असतील तर खांब सहा लागतात, तशी पाचच्या कर्णाला सहा स्टड लांबीची प्लेट लागते.

कोन ३६.८७ अंशांचा येतो. अनेकजण तो सरळ ३७ टाइप करतात. पाच स्टडांवर त्याने जेमतेम पाव एकक फरक पडतो, डोळ्याला दिसतही नाही. पण पंचवीस स्टडांच्या तटावर तो एक एककाच्या पुढे जातो, जवळजवळ अर्धा मिलिमीटर, आणि मग शेवटचा स्टड भोकात उतरत नाही. ४५ अंशांसाठी ७, ७, १० ही जोडी काहीजण चालवून घेतात. तिथे खरा कर्ण ९.९ असतो, म्हणजे ०.८ मिलिमीटरची तूट. प्लॅस्टिक दाबून ती कधी पचतेही, पण असे ताण देऊन केलेले काम मी मान्य करत नाही.

याचे उत्तर फाइलमध्येच आहे. एलड्रॉची फाइल साधा मजकूर असते आणि तिची एकेक ओळ म्हणजे एकेक ठोकळा. ओळीचा पहिला आकडा १ म्हणजे हा एक सुटा भाग आहे. दुसरा रंगाचा, ४ असेल तर लाल. पुढचे तीन आकडे जागेचे. त्यापुढचे नऊ तो ठोकळा कसा फिरवला आहे ते सांगणारे. आणि शेवटी भागाचे नाव, उदाहरणार्थ दोन बाय चारच्या ठोकळ्यासाठी ३००१. जागेच्या आकड्यांत वरची दिशा ऋण असते, म्हणून एक ठोकळा वर चढवला की वजा २४ लिहिलेले दिसते; नव्या माणसाचा गोंधळ इथे हमखास होतो. फिरवण्याच्या नऊ आकड्यांत अंशांची भानगडच नसते. तिथे ०.८ आणि ०.६ एवढेच लिहायचे, की ३-४-५चा कोन अचूक मिळतो. आणि अशा तिरप्या भिंतीवर एक स्टड पुढे सरकले की जागा एकीकडे १६ आणि दुसरीकडे १२ने बदलते, दोन्ही पूर्णांक.

अजून एक सावधगिरी सांगतो. या फाइलींत ठोकळे पूर्ण मापाचे काढलेले असतात. प्रत्यक्षातला ठोकळा प्रत्येक बाजूने साधारण ०.१ मिलिमीटर कमी असतो; दोन स्टड रुंद ठोकळा १६ नव्हे, १५.८ मिलिमीटर भरतो. तेवढ्या मोकळेपणामुळेच शेजारचे ठोकळे न अडकता बसतात. पडद्यावर दोन भाग एकमेकांना नेमके टेकलेले दिसले तर घाबरू नये, ते बरोबर आहे. पण एक भाग दुसऱ्यात जरासुद्धा घुसलेला दिसला, तर "हाताने दाबून बसेल" असे म्हणून तो सोडू नये.

त्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण झालेली फाइल मला पाठवली. मी चित्र नंतर पाहिले, आधी ती मजकूर म्हणून उघडली. कवाडांच्या ओळींत पूर्वी सरकवून सरकवून झालेले १८१.७, ९८.३ असे आकडे होते. आता तिथे एकही दशांशचिन्ह नव्हते. ती फक्त बुरुजाच्या ओळींत होती, आणि तिथे ०.८ आणि ०.६ लिहिलेले होते.