सीडीतलं गाणं, नावासकट

[दृश्य: गंगापूर रोडवरचं घर. टेबलावर सीड्यांचे गठ्ठे, शेजारी लॅपटॉपला जोडलेला यूएसबी सीडी ड्राइव्ह.]

गायक पंडित दत्तात्रेय विष्णू ऊर्फ बापूराव पलुस्कर 1955 मध्ये गेले, तेव्हा ते अवघे 34 वर्षांचे होते. त्यांचे वडील विष्णू दिगंबर यांनी उतारवयात नाशिकला रामनामाचा आश्रम उभारला, त्यामुळे नाशिककर श्रोता बापूरावांना हक्कानं आपलं म्हणतो. बापूरावांचा आवाज आधी 78 गतीच्या तबकड्यांवर उतरला, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. मग एलपी आल्या, कॅसेटी आल्या, सीड्या आल्या. दर मुक्कामाला गाणं पुढे गेलं. तबल्याला कोण होतं, हार्मोनियम कोणाची, हे मात्र मागे राहत गेलं.

आता या घरातल्या सीड्या कॉम्प्युटरवर चढताहेत. काका आणि त्यांची पुतणी, दोघं मिळून.

[दृश्य: स्क्रीनवर सीडीतल्या फाइलींची यादी.]

सीडी लावली की विंडोजमध्ये ट्रॅक 01, ट्रॅक 02 अशा फाइली दिसतात. अनेकजण त्याच उचलून पेनड्राइव्हवर टाकतात आणि मग काहीच वाजत नाही. वाजणार कसं? त्यातली प्रत्येक फाइल फक्त 44 बाइटची. गाणं कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. खरं गाणं तबकडीवरच राहतं. तिथे डाव्या-उजव्या बाजूंसाठी सेकंदाला आवाजाचे प्रत्येकी 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटचा. ते वाचून नवी फाइल तयार करायची, यालाच रिप करणं म्हणतात.

कोणत्या प्रकारची फाइल? शास्त्रीय संगीतासाठी आमचं मत पक्कं आहे, फ्लॅक. एमपी3 कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग काढून टाकतं. फ्लॅक काहीही टाकत नाही, तरी आकार निम्म्याच्या आसपास येतो. तासाभराच्या सीडीला साधारण साडेतीनशे एमबी. शिवाय मैफलीच्या सीडीवर संथ लयीतला विलंबित ख्याल एक ट्रॅक आणि जलद लयीतला द्रुत दुसरा असतो, गायक मात्र मध्ये थांबलेला नसतो. एमपी3च्या टोकांना शांततेचा बारीकसा तुकडा चिकटतो आणि काही प्लेअर तो तसाच वाजवतात. ठेका चालू असताना मध्येच तुटतो. गाणं ऐकणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही.

[दृश्य: सीडीसोबतची पुस्तिका. पानं हलक्या हातानं सुटी केली जाताहेत.]

नावांचं काम सगळ्यात मोठं. ऑडिओ सीडीवर बहुधा गाण्यांची नावंच नसतात. सॉफ्टवेअर ट्रॅकच्या लांबीवरून सीडीची ओळख ठरवतं आणि ती इंटरनेटवरच्या यादीत शोधतं. म्युझिकब्रेन्झ ही अशीच एक यादी, लोकांनीच भरलेली. गाजलेल्या चित्रपटाची सीडी तिथे पटकन सापडते. नाट्यगीतांची किंवा एखाद्या छोट्या प्रकाशकानं काढलेली अभंगांची सापडेलच असं नाही. सापडली तर नावं रोमन लिपीत, आणि पलुस्करांचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं. मग प्लेअरच्या लायब्ररीत तीन पलुस्कर होतात. एका सीडीवर आठ गायक असतील तर तिचे आठ तुकडे पडतात. ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळ्या ट्रॅकना एकच नाव दिलं की ते पुन्हा एकत्र येतात.

म्हणून पुस्तिका जपायची. पावसाळ्याची ओल धरून तिची पानं एकमेकांना चिकटतात. सगळ्यात आधी तिचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवायचे. मग राग, ताल, बंदिशीचे शब्द, भावगीत असेल तर कवी आणि संगीतकार, तबला, हार्मोनियम, ध्वनिमुद्रणाचं साल, सगळं टाइप करायचं. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या या माहितीत, देवनागरी नीट बसते. एखाद्या गाडीतल्या प्लेअरवर चौकोन दिसतील, तरीही देवनागरीतच लिहावं. ज्यानं तासभर ठेका धरला त्याचं नाव फाइलीत नसेल, तर आमच्या लेखी ती फाइल अपुरी आहे.

ओरखडे? छापील बाजूचे जास्त घातक, कारण माहितीचा थर त्या बाजूला, लॅकरच्या पातळ थराखाली असतो. पुसताना मध्यापासून कडेकडे पुसायचं, गोल गोल नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतं. वेळ लागतो, लागू द्यावा.

[दृश्य: मार्करनं तारीख लिहिलेल्या सीड्या.]

या मात्र कालच रिप व्हायला हव्या होत्या. घरगुती बैठकांच्या, घरीच बर्न केलेल्या सीड्या. यांच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता यांनी तो थर खराब होतो. दुकानातून आणलेल्या सीडीची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल, हिची नाही. हिच्याबरोबर पुस्तिकाही नाही.

“काका, तबला कोणाचा आहे हा?”

“थांब. परत लाव.”

काका डोळे मिटून ऐकतात, बायाँवरून, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्यावरून, हात ओळखतात, नाव सांगतात. पुतणी ते लगेच टाइप करते. हार्मोनियमबद्दल त्यांची खात्री नाही, तेव्हा तो रकाना रिकामा ठेवून ती त्या बैठकीला हजर असलेल्या नाशिकरोडच्या आत्याला फोन लावते. रिप झालेल्या फाइलींची दुसरी हार्ड डिस्कही आत्याकडेच राहणार आहे.